पुढच्या हाताला जागा

"त्या केसला हात लावू नकोस म्हणून सांगितलं ना एकदा!"

"लावला. आता काय करशील?"

"होती तशी सरकव पलंगाखाली."

"आई, पलंगाखाली जुन्या चपला ठेवतात. गिटार नाही ठेवत कोणी."

"आमच्याकडे ठेवतात."

जेवणाच्या टेबलावर काळी केस आडवी पडली होती. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला लेक. चारही हात झाकणावर, दोन उघडायला आणि दोन दाबून धरायला.

"नाट्यगृहाचं बोलावणं आलंय," लेक म्हणाली. "जुन्या वादकांची संध्याकाळ आहे, यंदाही. बाबांचं नाव आहे त्यात. मागच्या वर्षी नेमकी ऐन वेळी बंद पडली. या वेळी आधीच नीट करून घेऊ. रंग, तारा, आतलं वायरिंग, सगळं. मी करून देते."

"रंग? अगं, तिचा रंग राहिलाय कुठे, जो तू परत देणारेस?"

"म्हणून तर!"

"म्हणून तर नको. गंज चढलाय, लाकूड फुगलंय, वासही येतो. आणि इतक्या जुन्या मालाला हात घातला की कारागीर म्हणतो हेही गेलंय, तेही गेलंय. शेवटी हातात येतं ते कोणाचं असतं कोण जाणे."

"तू कधीपासून कारागिरांना घाबरायला लागलीस? तूच कारागीर!"

"होते. आता डोळे गेले."

"सुईत दोरा ओवतेस की चष्म्याशिवाय!"

बाहेरच्या खोलीतला बातम्यांचा आवाज एकदम खाली आला. "काय चाललंय गं?"

"काही नाही!" दोघी एकदम ओरडल्या. या घरात तेवढी एकच गोष्ट सुरात व्हायची.

बातम्यांचा आवाज परत वर गेला. मग पुन्हा खाली. मग दारात गिटारवाले आले. आसपासचे सगळे त्यांना असंच म्हणायचे, टपालवालासुद्धा. त्यांनी टेबलावरच्या केसकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. डावा हात सदऱ्याच्या खिशात होता. हल्ली तो तिथेच असायचा.

"ने की," ते लेकीला म्हणाले. "दाखवून तर आण. दाखवायला काय जातंय?"

आईचे हात झाकणावरून निघाले. नवरा असं काही म्हणेल याची तिला कल्पनाच नव्हती. तिने भांड्यांच्या रॅकवरची एक स्वच्छ ताटली उचलली, पुन्हा धुतली, पुन्हा ठेवली.

"मग मीपण येणार," ती म्हणाली.

तिला नवऱ्याच्या वाद्यवृंदातली माणसं फ्यूजवहिनी म्हणत. एक तर तिचा स्वभाव, आणि दुसरं म्हणजे ती आल्यापासून त्यांच्याकडे फ्यूज उडायचा बंद झाला. लग्नाआधी ती रेडिओच्या कारखान्यात होती. लांबलचक बाक, त्याच्या दोन्ही बाजूंना मुली, प्रत्येकीच्या हातात सोल्डरिंग आयर्न. समोर येणाऱ्या सांगाड्यावर ठरलेल्या ठिकाणी डाख द्यायचा आणि सांगाडा शेजारणीकडे सरकवायचा. धूर नाकात, डाग बोटांवर. तिच्या उजव्या तर्जनीवर अजूनही एक पांढरा ठिपका आहे. लहानपणी लेक त्याला "आईचं बटण" म्हणायची आणि दाबून बघायची.

बाकावरची मुख्य बाई कडक होती. बोलायची कमी, कान पिळायची जास्त. पण एक गोष्ट तिने सगळ्यांच्या अंगात मुरवली होती. तार कधी ताणून जोडायची नाही. जोडायच्या आधी तिला एक लहानसा वळसा द्यायचा, कारण उद्या ही जोडणी कोणीतरी उघडेल, कापेल, परत जोडेल, आणि तेव्हा त्याला तार पुरली पाहिजे. "पुढच्या हाताला जागा ठेवा गं," ती बाकामागून फिरताना म्हणायची. मुली तिची नक्कल करून हसायच्या. पण जागा ठेवायच्या.

एकदा कारखान्याला नाटकाचे फुकट पास आले. नाटक कसलं होतं ते वहिनीला कधीच आठवलं नाही. तिला आठवत होती ती घरघर. रंगमंचासमोरच्या वादकांच्या खड्ड्यातून, प्रत्येक शांत प्रसंगात, एक जाड घरघर. नायिका रडतेय आणि खाली घर्रर्र. मध्यंतरात ती उठली, कठड्यावरून वाकली आणि गिटार मांडीवर घेऊन बसलेल्या सडपातळ माणसाला म्हणाली,

"ऐका, तुमची एक तार सुटलीय."

त्याने मान वर केली. "घरचेही तेच म्हणतात."

"डोक्यातली नाही हो. गिटारमधली. अर्थिंगची. तारांवर हात ठेवलात की आवाज बदलतो, बघा."

त्याने हात ठेवला. हात उचलला. मग तिच्याकडे असं पाहिलं, जसं आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याला आजाराचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी कारखाना सुटताना तो फाटकाशी उभा होता, पाठीवर काळी केस. मुलींनी शिट्ट्या मारल्या. मुख्य बाईने आपलं आयर्न दिलं आणि स्वतः दाराशी पहारा करत उभी राहिली.

तेव्हापासून त्या गिटारच्या पोटात दुसऱ्या कोणाचा हात गेला नाही. तो खड्ड्यात बसून वाजवायचा. प्रेक्षकांना फार तर त्याचं टक्कल दिसायचं, टाळ्या वरच्यांना मिळायच्या. घरी आल्यावर ती वर्तमानपत्र पसरून झाकण उघडायची. कधी काळी साय धरलेल्या दुधाच्या रंगाची असलेली ती गिटार, जिथे त्याचा उजवा हात टेकायचा तिथे लाकडापर्यंत घासली गेली. मानेवर त्याच्या अंगठ्याची वाट पडली. आवाजाची मूठ हरवली तेव्हा वहिनीने मलमाच्या नळीचं टोपण बसवलं, "उद्या नवी आणू" म्हणत. तो उद्या आलाच नाही, आणि मग त्या टोपणाशिवाय त्याला आवाज लहानमोठा करता येईना.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. हलकाच, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं परत आलं, चालणं परत आलं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र आली आणि नाही आली. पेला धरायचा तर धरतील. तार दाबायची तर उशिरा पोचतील, लग्न लागून गेल्यावर पोचणाऱ्या पाहुण्यांसारखी.

तो रोज बसायचा. अँप्लिफायरचा आवाज बारीक ठेवून, दार लोटून. वहिनी स्वयंपाकघरात असायची. एकच तुकडा, पुन्हा पुन्हा, आणि एकाच वळणावर पाय घसरायचा. त्या वळणाला तिचा विळीवरचा हात थांबायचा. थोड्या दिवसांनी तर वळण यायच्या आधीच थांबायला लागला. मग ती नळ सोडायची. भांडी स्वच्छ असली तरी घासायची.

आणि मागच्या वर्षी, वादकांच्या त्या संध्याकाळी जायच्या दिवशी, गिटार मुकी झाली. वायर बदलून पाहिली, अँप्लिफायर बदलून पाहिला, काही नाही. "म्हातारी रुसली," गिटारवाले हसले आणि प्रेक्षकांत जाऊन बसले. तेव्हापासून कोणीही विचारलं, "काय, वाजवणं कसं चाललंय?" की ठरलेलं उत्तर. "बिघडलीय हो सध्या." लोक हळहळायचे, गिटारसाठी. त्यांच्या खिशातल्या हाताकडे कोणाचं लक्षही जायचं नाही.

हे जे काही सांभाळलं होतं, ते आज लेक पाठीवर टाकून जिना उतरत होती. वहिनी मागून एकेक पायरी धरत. गिटार बोलती झाली, तर त्याला वाजवावं लागणार होतं. भरल्या नाट्यगृहात, उजेडात, ओळखीच्या माणसांसमोर.

दुकान अरुंद होतं. छताला गिटारी टांगलेल्या, खाली सरसाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. कारागिराने कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढलं आणि गिटारकडे बराच वेळ नुसतं पाहिलं.

"ही फार वाजलीय," तो म्हणाला.

"नवी करता येईल का?" लेकीने विचारलं.

"नवी दिसेल अशी करता येईल. सगळा रंग खरवडायचा, चिरा लांबीने बुजवायच्या, फवारा मारायचा. भिंतीवर टांगायला झकास. पण मला विचाराल तर रंगाला हात लावू नका. मानेवरच्या या धातूच्या पट्ट्या पार झिजल्यात, त्या बदलाव्या लागतील. वाजवणाऱ्यांना चालेल का विचारा. काही जणांना आपल्या खाचा सापडल्या नाहीत की बोटं चुकतात."

"बोटं," वहिनी म्हणाली.

"आणि हे टोपण?"

"ते तसंच राहू द्या," मायलेकी एकदम म्हणाल्या.

कारागिराने स्क्रू काढले, झाकण उचललं. भिंग जवळ नेलं. मग तो थांबला.

"बंद कशी पडली म्हणालात?"

"आपोआप," वहिनी म्हणाली.

"अच्छा." त्याने चिमट्याने एक तार उचलून दाखवली. "तारांखालचा हा पिकअप. थरथर पकडतो तो. त्याच्यापासून आवाजाच्या मुठीकडे जाणारी ही वायर. तुटलेली नाही. कापलेली आहे."

"कापलेली?" लेक पुढे वाकली. "उंदीर?"

"उंदीर टेप लावत नाही, ताई. टोकं नीट दुमडलीत, दोन्हींवर टेप आहे. आणि हे बघा, कापताना वळशाच्या अलीकडे कापलंय. तार भरपूर शिल्लक आहे. रागाने कापणारा माणूस एवढा विचार करत नाही. चहा होईपर्यंत जोडून देतो. जोडू?"

लेक तो वळसा बघत राहिली. तिच्या घरच्या मिक्सरच्या तळाशी तो होता. दारावरच्या घंटीत होता. तिच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या त्या दिव्यात होता, ज्याबद्दल मास्तरांनी विचारलं होतं, एवढी जास्तीची तार कशाला, आणि तिने ऐटीत सांगितलं होतं, पुढच्या हाताला जागा.

"जोडा," लेक म्हणाली, पण आईकडे बघत.

"नको," वहिनी म्हणाली. "झाकण लावा."

कारागिराने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, आणि भिंग परत कपाळावर सरकवलं. "घरी ठरवून या," तो म्हणाला आणि स्क्रू एकेक करून बसवू लागला.

बसथांब्यावर बाक रिकामा होता. दोघींच्या मध्ये केस उभी, तिसऱ्या माणसासारखी.

"तू कापलीस."

वहिनीने रस्त्याकडे पाहिलं.

"आई, मी काहीतरी म्हणतेय."

"ऐकलं. हो, मी कापली. ते दाढी करत होते तेव्हा."

"दाढी करत होते तेव्हा! अगं, वर्षभर मी त्यांची समजूत घालतेय, होईल हो बाबा दुरुस्त, जुनी आहे, वेळ लागतो! आणि तू शेजारी बसून मान हलवत होतीस!"

"मग काय करणार होते? तुला त्या खड्ड्यातलं काय माहीत? तिथे चुकलेलं सगळ्यांना कळतं आणि कोणी बोलत नाही. वरून टाळ्या वाजवतात. दयेच्या टाळ्या कशा वाजतात माहितेय? जोरात वाजतात. खऱ्यापेक्षा जोरात. त्या त्यांना ऐकू द्यायच्या होत्या का मी?"

"त्यांना विचारायचंस ना!"

"विचारून कोणी कोणाला वाचवतं का?"

"पण मग मागाहून सांगायचंस. कार्यक्रम झाला, संपला, जोडून टाकायचीस गुपचूप. तार तर ठेवली होतीस!"

"ठेवली होती."

"मग?"

वहिनीने केसचा निघालेला पट्टा आत खोचला. तो परत बाहेर आला. तिने परत खोचला.

"घर शांत झालं गं," ती शेवटी म्हणाली.

बस आली. दोघी चढल्या. लेक केस धरून उभी राहिली. आईला बसायला जागा मिळाली, पण तिने आपण कुठे बसलोय ते पाहिलंही नाही.

गिटारवाल्यांनी दार उघडलं ते घंटी वाजायच्या आधीच. जेवणाचं टेबल रिकामं केलेलं होतं. त्यावर वर्तमानपत्र पसरलेलं. सोल्डरिंग आयर्न पत्र्याच्या डब्यातून बाहेर काढून त्याच्या वेटोळ्या स्टँडवर टेकवलेलं. शेजारी सोल्डरची गुंडाळी, चिमटा, आणि घडी उघडून ठेवलेला वहिनीचा चष्मा.

"काय म्हणाला कारागीर?" त्यांनी विचारलं. "जोडली की ठेवली तशीच?"

लेकीने केस भिंतीला टेकवली. "बाबा... तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी उघडून बघितली. मला जोडता येत नाही, पण बघता येतं. टेप तिरकी लावायची सवय अख्ख्या गावात एकाच बाईला आहे."

वहिनी दारातच उभी होती. पायांत चपला तशाच.

"मग बोलला का नाहीत?" लेकीचा आवाज चिरकला. "काय माणसं आहात तुम्ही दोघं! एक कापते, एक बघतो, आणि दोघं मिळून मला सांगता की जुनी आहे म्हणून बंद पडली!"

"ओरडू नकोस. बस." ते स्वतः खुर्चीवर टेकले. "खरं सांगू? बरं वाटलं होतं. बिघडलीय म्हटलं की लोक गिटारला नावं ठेवतात. मी सुटतो. आयतं मिळालं, कोण सोडतंय? हिने झाकलं, मी पांघरून घेतलं."

"आणि आज काय झालं?"

"कंटाळा आला." त्यांनी खिशातून डावा हात काढला आणि वर्तमानपत्रावर ठेवला, ठेवणीतली वस्तू मांडावी तसा. शेवटची दोन बोटं थोडी आत वळलेली होती. "काल दूधवाल्याला सांगितलं, बिघडलीय. तो म्हणाला, फेकून का नाही देत? मी म्हणालो, बघू. घरात येईपर्यंत मला घाम फुटला. उद्या हेच माझ्याबद्दल म्हणतील आणि मी म्हणेन, बघू."

 वरच्या मजल्यावर कोणीतरी फर्निचर सरकवत होतं.

"नाट्यगृहात मी जाणार नाही," ते पुढे म्हणाले. "लेकी, तू कळवून टाक. रंग नको, पट्ट्या नकोत, काही नको. तेवढी एक तार. मला इथे, या खोलीत, वाईट वाजवायचंय. जमेल तेवढं वाईट." ते हसले. हसू डाव्या बाजूला थोडं उशिरा पोचलं. "आणि ती दुकानात नाही जोडायची. फ्यूज, तू जोड."

वहिनी आत आली. खुर्ची ओढून बसली, चष्मा लावला. लेकीने गिटार काढून समोर ठेवली. वहिनीने स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि तिची बोटं आपोआप कामाला लागली. टेप सोडवली, दोन्ही टोकं पिळून एकत्र आणली. तार पुरली. पुरून उरली. तिने आयर्नचं टोक ओल्या कापडावर टेकवलं. चर्र झालं.

"एकच सांग मला," गिटारवाले म्हणाले. मघाचा विनोदी सूर गेला होता. "रागावणार नाही. मी चार लोकांत पडू नये म्हणून कापलीस, हे मी वर्षभर धरून चाललोय. तेच आहे ना? की तुला स्वयंपाकघरात माझं ते ऐकवत नव्हतं?"

आयर्न हवेत थांबलं.

"बाबा, असं काय विचारता?"

"विचारू दे. मी दार लोटून वाजवत बसायचो आणि बरोबर त्याच ठिकाणी नळ सुरू व्हायचा. मला ऐकू येतं. बोटं गेलीत, कान नाही गेले." ते पुढे झुकले. "तू आत्ता जोडशील. मी उद्या सकाळी वाजवेन. तेच वळण येईल आणि तिथेच घसरेन. पुढेही घसरेन. आणि तू तिकडे असशील, तुझी ती स्वच्छ भांडी घेऊन. म्हणून आधी सांग. तुला ऐकवेल का गं?"

सोल्डरच्या तारेचं टोक आयर्नला लागून वितळलं होतं. त्याचा एक चकचकीत थेंब वर्तमानपत्रावर पडला आणि कागद तेवढाच तपकिरी झाला. वहिनीने तो थेंब पाहिला. नवऱ्याच्या वळलेल्या बोटांकडे पाहिलं. 

मग तिने पिळलेली टोकं डाख न देता तशीच सोडली, आयर्न स्टँडवर नीट ठेवलं, कोणाला चटका बसू नये अशा बेताने टोक भिंतीकडे करून. चष्मा काढला आणि त्याची घडी केली.

"आई," लेक म्हणाली. "आई, उत्तर तरी दे."

चपला पायांतच होत्या. वहिनी उठली, दोघांच्या मधून गेली, आणि दार ओढून न घेताच जिना उतरू लागली.